सबनेट ओलांडताना एआरपी फेल: आधी मास्क बघा

राम राम भाऊ. जळगाव एमआयडीसीतल्या दालमिलचा सर्व्हर १९२.१६८.१०.२५, बॅकअपची मशीन १९२.१६८.२०.४०, आणि पिंग केलं की 'फ्रॉम १९२.१६८.१०.२५ डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', असं तुम्ही लिहिलंय. त्यातला 'फ्रॉम' नीट वाचा. तिथे तुमच्याच सर्व्हरचा पत्ता आहे. म्हणजे पुढच्या टप्प्याचा मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) मिळाला नाही, म्हणून पॅकेट सर्व्हरच्या बाहेर पडलंच नाही. राउटरच्या पलीकडे अडलं असतं तर गेटवेचा, म्हणजे बाहेर जायचा रस्ता असलेल्या राउटरचा, पत्ता दिसला असता, नाहीतर नुसता टाइमआउट.

एआरपी म्हणजे 'हा आयपी कुणाचा, मॅक सांगा' अशी हाक. ती ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम, असते आणि राउटर ती पुढे जाऊ देत नाही. जळगावातली हाक भुसावळला कशी पोचेल? म्हणून दहाच्या सबनेटमधल्या (नेटवर्कच्या १९२.१६८.१० या तुकड्यातल्या) सर्व्हरने वीसच्या मशीनचा मॅक विचारायचाच नसतो. त्याला फक्त गेटवेचा मॅक लागतो.

सर्व्हरवर 'आयपी रूट गेट १९२.१६८.२०.४०' चालवा. उत्तरात 'व्हाया १९२.१६८.१०.१' नसेल तर सर्व्हर त्या मशीनला शेजारी समजतोय. बहुतेकदा /२४ च्या जागी /१६ मास्क पडलेला असतो. मास्क म्हणजे पत्त्याचा किती भाग सबनेटचा ते सांगणारा आकडा; /१६ मध्ये १९२.१६८ ने सुरू होणारे सगळेच शेजारी ठरतात. दोन्ही मशीनवर बघा, कारण उत्तर परत येतानाही हाच घोळ होतो. राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने एआरपीला उत्तर देणं) चालू असेल तर तो स्वतःचा मॅक देऊन ही चूक वर्षानुवर्षं झाकतो. मग राउटर बदलला की सगळं बंद पडतं आणि दोष बिचाऱ्या नव्या राउटरवर येतो. प्रॉक्सी चालू करून भागवू नका. /१६ वर कुणी अख्खी रेंज स्कॅन केली तर शेजाऱ्यांचे मॅक ठेवायचा टेबलही भरतो; लिनक्समध्ये त्यातल्या नोंदींची 'जीसी थ्रेश ३' ही मर्यादा मुळात १०२४ असते.

'व्हाया' बरोबर असेल तर 'आयपी नेबर शो' मध्ये गेटवेची ओळ बघा. 'फेल्ड' दिसलं तर टीसीपीडम्पवर (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) एआरपी बघत राहा. प्रश्न जातोय पण उत्तर नाही, तर स्विचचा पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) असण्याची शक्यता जास्त. एकाच आयपीसाठी दोन वेगळे मॅक उत्तर देत असतील, तर गेटवेचा आयपी आणखी कुणीतरी लावलाय.

मास्क सुधारल्यावर 'आयपी नेबर फ्लश डेव्ह' आणि पुढे इंटरफेसचं नाव देऊन जुन्या नोंदी काढा. बदल नेटप्लॅनच्या किंवा तुमच्याकडे असेल त्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा. नुसत्या कमांडने केलेला बदल लाइट जाऊन सर्व्हर परत चालू झाला की राहत नाही.