त्या चाळीस रुपयांचा हिशोब आता कुणाला द्यायचा नाही

"मावशी, मी बेळगावातल्या वडगावात आईकडे राहते. महाराष्ट्रात चंदगड तालुक्यातल्या सासरहून निघून सात महिने झाले. मारहाण होती, पण त्याहून जास्त म्हणजे दहा रुपयांचासुद्धा हिशोब द्यावा लागायचा. नवरा चांगला असला की लई चांगला असायचा, मारल्यावर दुसऱ्या दिवशी बेळगावहून कुंदा (मिठाई) घेऊन यायचा. मुलगी सहा वर्षांची आहे. मी आता खडेबाजारात साडीच्या दुकानात ९,००० वर आहे. माझ्या नावावर काढलेलं ग्रुपचं कर्ज त्यानंच वापरलं, महिन्याला २,४०० हप्ता मात्र मलाच मागतात. माझं सोनंपण त्यानं गहाण टाकलंय. परवा बसस्टँडवर चाळीस रुपयांची भजी खाल्ली आणि हात थरथरायला लागले. आईनं नुसतं 'खाल्लीस का काही' विचारलं तर मी खोटं बोलले. संध्याकाळी त्याची आठवण येते, त्याची लाज वाटते. दादा म्हणतो पाडव्याला जाऊन ये, माणूस सुधारलाय. मुलगी विचारते बाबा कधी येणार. मला वेड लागलंय का?"
– वडगावची एक मुलगी

पोरी,

नाही लागलेलं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या भज्यांपाशीच थांबले. तू स्वतः कमावलेले चाळीस रुपये, भूक तुझी, पोट तुझं, आणि तरी हात थरथरले, कारण इतकी वर्षं प्रत्येक नोटेच्या मागं एक प्रश्न यायचा की कशाला लागले, कुणाला दिलेस, खरं बोल. तू घर सोडलंस पण तो प्रश्न अजून सुटलेला नाही, तो तुझ्या अंगात बसलाय. आईनं मायेनं विचारलं तरी तुला ते चौकशीसारखं ऐकू आलं. हा तुझा दोष नाही गं. आणि बायकोचे पैसे काढून घेणं, तिला खर्चाला न देणं, तिचं सोनं परस्पर मोडणं-गहाण टाकणं ही नुसती वाईट सवय नाही, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ म्हणून त्याचं वेगळं नाव लिहिलेलं आहे. मारल्याचा वळ दिसतो म्हणून लोक तेवढाच धरतात, हे कुणी धरत नाही.

आता आठवणीचं. तुला आठवतोय तो कुंदा आणणारा माणूस. तो खोटा होता असं मी म्हणत नाही, तो होता, पण कुंदा कधी यायचा ते बघ की. मार झाल्यावर यायचा, साध्या मंगळवारी कधी आला का? भीतीनंतर जी सुटका वाटते ना, ती इतकी गोड लागते की माणूस तिलाच प्रेम समजतं. माझी एक मावसबहीण निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, ती तीनदा परत गेली, आणि तिन्ही वेळेला आधी रडून सांगायची की त्याला सर्दी झाली असेल, त्याला जेवायला कोण घालत असेल. चौथ्यांदा आली ती राहिली. आठवण तेव्हाही यायचीच, पण ती म्हणायची, "येऊ दे, बसू दे ओसरीवर, मी काय तिच्यामागनं चालत जात नाही." आठवण येते म्हणजे परत जायला पाहिजे असा अर्थ होत नाही, आणि आठवण आली म्हणून तू खोटी ठरत नाहीस. संध्याकाळी फारच जड झालं तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरकडं जा, एकटी जाऊ नको, आईला घेऊन जा.

दादाचं. तो वाईट नसेल, त्याला गल्लीत लोक विचारत असतील, घरात जागा कमी असेल, वहिनीची ओढाताण होत असेल, हे मला समजतं. पण पाडवा म्हणजे नवऱ्याला ओवाळणं, आणि ओवाळायला गेलेल्या बाईला "आलीच आहेस तर रहा" म्हणणं सोपं असतं, मग चार माणसं, मग मुलीचं रडणं, मग तू परत तिथंच. दादाला सरळ सांग की भाऊबीजेला तुला ओवाळीन, पाडव्याला मी कुठं जाणार नाही. सुधारला असेल तर त्यानं आधी सोनं आणून द्यावं आणि ग्रुपचं कर्ज फेडावं, त्याला तू समोर असायची गरज नाही. तो एकटी भेटायला बोलावत असेल तर जाऊ नको, दुकानाच्या मालकाला आणि शेजारच्या एकीला सांगून ठेव, दारात येऊन तमाशा केला तर ११२. आणि तुझा फोन त्यानं घेऊन दिलेला असेल, त्यातला जीमेल त्यानंच काढलेला असेल, तर आजच पासवर्ड बदल आणि लोकेशन कुणाला दिसतंय ते दुकानातल्या एखाद्या पोरीकडनं बघून घे.

आता पैशाचं सांगते, आणि जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते तुझं मन इथूनच सुटणार आहे.

पहिली गाठ आधारची. मी पैजेवर सांगते की तुझ्या आधारवर पत्ता चंदगडचा आहे आणि मोबाईल नंबर त्याचा. म्हणजे बँकेचा, सरकारचा, कशाचाही ओटीपी त्याच्या खिशात वाजतो! तू कर्नाटकात राहायलीस, पण शक्ती योजनेतलं बायकांचं बसचं फुकट तिकीट काढायला कर्नाटकाचा पत्ता दाखवावा लागतो म्हणून वडगाव ते खडेबाजार तू अजून पैसे देऊन येत-जात असशील. तर सुट्टीच्या दिवशी आधार केंद्रावर जा, नंबर स्वतःचा घाल, त्यासाठी केंद्रावर बोटांचे ठसे द्यावे लागतात म्हणून स्वतःच जावं लागतं. पत्ता आईच्या आधारवरून बदलता येतो, कुटुंबप्रमुख म्हणून आईची संमती लागते आणि नात्याचा पुरावा म्हणून तुझा जन्मदाखला वगैरे. मग नवीन बँक खातं, ज्या बँकेत त्याचं खातं नाही अशा बँकेत, आणि आधार त्याच खात्याला जोडून घे, कारण सरकारी पैसे आधारला जे खातं जोडलेलं असतं तिकडंच जातात. जुन्या खात्याला जोडलेलं राहिलं तर तू इथं वाट बघत बसशील आणि पैसे तिकडं पडतील.

मग रेशन कार्ड. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० घरातल्या एकाच बाईला मिळतात, कार्डावर जी प्रमुख आहे तिला. आईच्या कार्डात तुझं नाव घातलंस तर ते आईचेच राहतील. तुझं आणि मुलीचं वेगळं कार्ड व्हायला पाहिजे, त्यासाठी आधी चंदगडच्या कार्डातनं नावं कमी केल्याचा दाखला लागेल. नवीन कार्डाचे अर्ज वर्षभर सुरू नसतात, म्हणून बेळगाव वन या सरकारी सेवा केंद्रात चौकशी करत रहा. आणि महाराष्ट्रात लाडकी बहीणचे १,५०० तुझ्या नावावर येत असतील तर ते आता इथं राहून घेता येणार नाहीत, दोन्हीकडचं धरायला जाऊ नको, पुढं तोच मुद्दा तो तुझ्या विरुद्ध काढेल. नवऱ्याची सही आणा म्हणून कुणी परत पाठवलं तर गप घरी येऊ नको, सीडीपीओ म्हणजे बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन सांग. आपल्याकडं सीडीपीओच घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, तुझी तक्रार लिहून घेऊन कोर्टापर्यंत पोचवणं हे त्यांचं कामच आहे, उपकार नव्हे.

कर्ज. इथं मी तुला खोटी आशा लावणार नाही. सही तुझी आहे, तर कागदावर कर्ज तुझंच आहे, पैसे कुणी उडवले हे कंपनी बघत नाही. पण वसुलीवाल्यानं काय करावं याला नियम आहेत. अशा ग्रुपच्या, म्हणजे मायक्रोफायनान्सच्या, कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये सांगून ठेवलंय की सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, धमकी-शिवीगाळ चालणार नाही. आणि कर्नाटकात २०२५ च्या फेब्रुवारीत जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम आला, पुढं त्याचा कायदा झाला, त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे, तो तुझ्या कंपनीला लागतो का ते मात्र वकिलाला विचार. त्यामुळं ग्रुपमधल्या बायका दारात येऊन बसल्या, वसुलीवाला दुकानात येऊन ओरडला, तर खाली मान घालून ऐकत बसू नको. शाखेत जाऊन लेखी अर्ज दे की पगार इतका आहे, मुलगी आहे, हप्ता लहान करून द्या, आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घे. तोंडी बोललेलं काही धरू नको. नंबर बदलून झाला की तुझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुझ्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढून बघ, ही नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडनं वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात कळेल की तुझ्या नावावर अजून काही काढून ठेवलंय का. हे बघायला भीती वाटेल, मला माहीत आहे. तरी बघ, आईला शेजारी बसवून बघ.

सोन्याचं मात्र मन घट्ट कर. माहेरचं असो, लग्नात सासरच्यांनी तुला घातलेलं असो, ते स्त्रीधन, ते तुझं. सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच सांगितलंय की नवऱ्याकडं ते नुसतं ठेवायला दिलेलं असतं, मालकी बायकोचीच. लग्नातले फोटो शोध ज्यात दागिने दिसतात, सोनाराच्या पावत्या आईच्या ट्रंकेत असतील त्या काढ. गहाणाची मुदत संपली की लिलाव होतो, म्हणून यात उशीर नको.

यासाठी वकील लागेल आणि वकिलाला पैसे नाहीत असं तू म्हणशील. बाईला पगार कितीही असला तरी सरकारकडनं वकील फुकट मिळतो, कोर्टाच्या आवारात कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, फोन १५१००. आणि "केस चंदगडला जाऊन घालावी लागेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नको, तू आत्ता जिथं राहतेस तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, आणि इथल्या कोर्टाचा हुकूम बॉर्डरपलीकडंपण तितकाच चालतो. त्याच अर्जात संरक्षण, सोनं परत, मुलीचा ताबा, खर्चाला पैसे, त्यानं तुझ्या नावावर उचललेल्या कर्जाचा बोजा, सगळं एकदम मागायचं. पोटगीत दोघांनाही आपली कमाई-मालमत्ता शपथेवर लिहून द्यावी लागते, आणि अर्ज केलेल्या तारखेपासून पोटगी धरायची असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय, म्हणून अजून चार महिने विचार करते म्हणशील तर त्या चार महिन्यांचं बुडेल. कायद्यात ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी मनाची तयारी ठेव.

एक गोष्ट आपल्या भागातली. कागद सगळे कन्नडात येतील. तुला बोलायला येत असेल, वाचायला किती येतं माहीत नाही. वाचून, समजून घेतल्याशिवाय कुठंही सही करायची नाही, मग समोरचा कितीही घाईत असू दे. "मला मराठीत सांगा" म्हणायला लाजू नको, मी आजवर जितक्या जणींबरोबर गेले तिथं कुणीतरी सांगणारं भेटलंच, कधी शिपाई, कधी रांगेतली एखादी कानडी आक्का. काय बोलायचं तेच सुचत नसेल तर आधी १८१ ला फोन कर, ती बायकांचीच हेल्पलाइन आहे, सखी केंद्राचा, म्हणजे छळ झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राचा, पत्ता पण तिथंच मिळेल. आणि गावातल्या पंचांसमोर बाँडपेपरवर "माझं काही येणं नाही" असलं काही लिहून देऊ नको, कितीही गोड बोलले तरी.

९,००० चं काय करायचं विचारलं नाहीस तरी सांगते. घरात ३,००० आईच्या हातात दे, वहिनीच्या समोर दे, त्यानं तुझंही मन ताठ राहील आणि घरातली कुजबुजही थोडी कमी होईल. २,४०० हप्ता, तो लहान होईपर्यंत. १,००० मुलीचं. पोस्टात आरडी १०० रुपयांपासून निघते, तू ५०० ची काढ. उरतात २,१००, त्यात जाणं-येणं, औषधपाणी, कोर्टाच्या झेरॉक्स. हे सगळं एका वहीत लिही, दर रात्री, दोन ओळी. पण त्यातले २०० रुपये महिन्याच्या पहिल्या दिवशी वेगळे काढ आणि ते वहीत लिहायचेच नाहीत. भजी खा, गजरा घे, रिक्षानं ये, काय वाट्टेल ते. कुणी विचारलं तर सांगायचं नाही आणि स्वतःलासुद्धा विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात ते खर्चच होणार नाहीत बघ, तू ते पर्सच्या कप्प्यात तसेच ठेवशील. चालेल. दुसऱ्या महिन्यात बघू.

पुढं पगार वाढायचा रस्ता पण डोक्यात ठेव. तू साड्यांच्या दुकानात आहेस, गिऱ्हाईक तिथंच फॉल-पिको कुठं होतं विचारतं. वडगावात एखादं जुनं मशीन कुणाच्या तरी घरी पडून असेलच. पण हे आत्ता नको, आधी कागद.

मुलगी विचारते बाबा कधी येणार. तिला "बाबा वाईट आहेत" सांगू नको आणि "येतील हं" पण सांगू नको. "आपण आता आजीकडंच राहणार, तू आणि मी, इथं कुणी ओरडत नाही" एवढंच सांग, पुन्हा विचारेल, पुन्हा तेच सांग. शाळेत घातली नसशील तर दाखला सासरहून आला नाही म्हणून थांबू नको, शिक्षणहक्काच्या कायद्यानं तेवढ्यासाठी प्रवेश अडवता येत नाही.

गहाणाच्या पावतीचा एखादा फोटो जुन्या मोबाईलात सापडतो का तेवढं आजच बघ. सापडला तर आधी एखाद्या मैत्रिणीला पाठवून ठेव, मग वकिलाला दाखव, आणि आधारवर नंबर बदलला की मला दोन ओळी टाक.

– तुझी मावशी