मिरजेत तंतुवाद्याच्या धंद्यात उतरण्यापूर्वी

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

वडिलांच्या दुकानात बसावे की पुण्यात नोकरी धरावी, असे तू विचारले आहेस. मी कारागीर नव्हे. सतारमेकर गल्लीतील दुकानांचे हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली, तेव्हा कलेच्या थोरवीचे वर्णन इतरांवर सोपवून मी केवळ पैशाबद्दल लिहितो.

गिऱ्हाईक उरले नाही, अशी तक्रार तू घरी रोज ऐकत असशील. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने आणि पुढे मोबाइलने रियाजाच्या वाद्यांची बरीच विक्री खाल्ली, हे खरेच आहे. पण मी पाहिलेली बहुतेक दुकाने गिऱ्हाइकावाचून नव्हे, तर हातात वेळेवर पैसा नसल्यामुळे खचली. वाद्याचे पोट ज्याचे करतात तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा हंगामातच घ्यावा लागतो आणि तोही रोखीने. मग तो महिनोन्महिने सुकवायचा, त्यातले काही तडकणार हे गृहीत धरायचे, दांडीसाठी तूनचे लाकूड मुरवून ठेवायचे, आणि एवढे झाल्यावर तयार झालेला तंबोरा गायकाच्या हाती कधी जाईल याचा भरवसा नाही. या मधल्या काळात घर चालवण्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते. ज्याची उचल घेतली त्यालाच माल द्यावा लागतो आणि भावही तोच ठरवतो. व्याज वहीत कुठेच दिसत नाही, कारण ते वाद्याच्या पडत्या भावातून आधीच वसूल झालेले असते. म्हणून दुकानात बसायचे ठरलेच, तर पहिली दोन-तीन वर्षे नफ्याचा विचार बाजूला ठेवून एका हंगामाच्या भोपळ्यांपुरती तरी स्वतःची रक्कम उभी कर. त्यासाठी काही काळ नोकरी करावी लागली तरी त्यात कमीपणा मानू नकोस.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. कोणी भोपळा कापून दांडीला जोडतो, कोणी नक्षी कोरतो, कोणी पॉलिश करतो, आणि शेवटी एखादा जाणता माणूस जवारी लावतो, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून सूर गुंजता करतो. पहिल्या तिन्ही कामांना नगावर मजुरी मिळते आणि ती वाढता वाढत नाही. जवारीचे तसे नाही. घोडीच्या माथ्याला कानशीने जो अगदी बारीक बाक द्यायचा असतो, तो डोळ्यांनी पुरता दिसत नाही. तार चढवून, तिच्याखालचे सूत केसभर पुढेमागे सरकवत, आस, म्हणजे सुराची मागे रेंगाळणारी गुंज, कुठे मोकळी होते ते कानानेच ओळखावे लागते. शिवाय तारांच्या घर्षणाने घोडी झिजते आणि जवारी पुन्हा लावावीच लागते, त्यामुळे एकदा विकलेले वाद्य वर्षानुवर्षे तुझ्याकडे दुरुस्तीला येत राहते. दुरुस्तीत माल थोडा आणि मजुरी अधिक, शिवाय पैसे हातोहात. मंदीत तगलेली दुकाने मी याच कामावर तगलेली पाहिली. नक्षी उशिरा शिकलास तरी चालेल, परंतु जवारी वडिलांचा कान शाबूत आहे तोवर शीक.

सरकारी मदतीविषयी फार बोलण्यासारखे नाही. २०२३ मध्ये कारागिरांसाठी केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत सुतार होता, लोहार होता, हार गुंफणाराही होता. तंतुवाद्य बनवणारा मात्र नव्हता. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद झाला. मात्र मानांकन गावाच्या मालाला असते. त्याचा वापर करण्यासाठी प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली वेगळी नोंद करावी लागते. ती वडिलांच्या नावाने झाली आहे का, याची आधी चौकशी कर. नसेल तर त्यांच्या वाद्यावर दूरच्या शहरातला दुकानदार आपली चिठ्ठी चिकटवतो, तसाच यापुढेही चिकटवत राहील.

तुझ्या आजोबांच्या पिढीत 'आमचा धंदा कधी बुडणार नाही' असे म्हणत. मला ते पटत नसे, कारण याच घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारांना धार लावत होते, आणि एकोणिसाव्या शतकात तलवारीला गिऱ्हाईक उरेना तेव्हा फरीदसाहेबांसारखी माणसे तंबोऱ्याकडे वळली. संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय होता, पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिले, म्हणून ते वळणे फळले. तुझ्या वाट्याला असा आश्रयदाता नाही, त्यामुळे तुझा हिशेब त्यांच्यापेक्षा चोख हवा.

दिवाळीला येशील तेव्हा दुकानाची मागच्या तीन वर्षांची वही घेऊन ये. उचल कोणाकडून किती घेतली आणि त्या महिन्यात तंबोरा काय भावाने दिला, एवढे दोन रकाने आपण शेजारी शेजारी मांडू. दुकानात बसायचे की नोकरी धरायची ते त्यानंतर ठरव.

तुझा हितचिंतक