लक्षद्वीपची सहल: आधी परवाना, मग रेल्वेचे तिकीट

प्रश्न: मी व माझी पत्नी, आम्ही दोघांनीही साठी ओलांडली आहे. दिवाळीनंतर कोचीहून जहाजाने लक्षद्वीपला जाण्याची आमची इच्छा आहे. पुढे जागा मिळणार नाही, म्हणून रेल्वेचे आरक्षण आधी करून टाका, असे मुलाचे म्हणणे आहे. पत्नीला गुडघेदुखीचा त्रास आहे. आखणी कशी करावी? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: चिरंजीवांची काळजी रास्त आहे, तरीही रेल्वेचे आरक्षण सर्वांत आधी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी केवळ १० बेटांवर वस्ती आहे आणि सर्व बेटांचे क्षेत्रफळ मिळून अवघे ३२ चौरस किलोमीटर भरते. तेथे जाण्यासाठी बाहेरच्या माणसाला, मग तो भारतीय नागरिक का असेना, १९६७च्या नियमांनुसार प्रवेश परवाना घ्यावा लागतो. शिवाय कोचीहून सुटणाऱ्या जहाजांतील जागा मर्यादित असतात आणि त्यांची पहिली गरज बेटवासीयांनाच असते, कारण दवाखाना, शिक्षण, बाजारहाट यांसाठी त्यांनाही याच जहाजांनी यावे-जावे लागते.

म्हणून परवाना आणि जहाजातील जागा यांची निश्चिती झाल्यावरच रेल्वेकडे वळावे. प्रथमच जाणाऱ्यांनी लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची ‘समुद्रम्’ सहल निवडणे सोयीचे ठरते. तीत रात्री जहाजावर मुक्काम आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय ही बेटे पाहणे, असा क्रम असतो. अर्जासाठी पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले गेल्यास शहरातील रहिवाशांना ते पोलिस आयुक्तालयाकडून मिळते. त्यास वेळ लागू शकतो, हे गृहीत धरावे.

सोलापूरहून पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेसने थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीलाच, उतरता येते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा जहाजाची तारीख त्याआधी हाती असेल असे पाहावे. जहाज कोचीतीलच विलिंग्डन बेटावरील धक्क्यावरून सुटते. हवामानामुळे वेळापत्रक बदलू शकते, यासाठी जाताना आणि येताना कोचीत किमान एक-एक दिवस मोकळा ठेवावा.

आता गुडघ्यांविषयी, कारण या सहलीतील खरी कसोटी तेथेच आहे. प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्यामुळे मोठे जहाज अनेकदा बेटापासून दूर उभे राहते आणि प्रवाशांना जहाजाच्या कडेच्या दारातून लहान होडीत उतरावे लागते. लाटेबरोबर होडी वर-खाली होत असते. खलाशी दोन्ही हात धरून मदत करतात, परंतु नेमक्या क्षणी पाऊल टाकणे ज्याचे त्यालाच जमवावे लागते. समुद्र शांत असताना हे सहज होते. दिवाळीनंतरचा काळ पावसाळ्याच्या मानाने बराच अनुकूल असतो, तरीही वहिनींनी निघण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना हे वर्णन ऐकवून सल्ला घ्यावा. जिने चढणे-उतरणेही त्यांना जड जात असेल, तर लक्षद्वीपमधील अगत्ती बेटापर्यंत विमानाने जाण्याचा पर्याय आहे. मात्र त्यासाठीही परवाना लागतोच.

बेटांवर गोड्या पाण्याचा साठा अत्यंत तुटपुंजा आहे. नळाच्या पाण्याची वाट पाहण्याची सवय असलेल्या सोलापूरकरांना त्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. पोवळ्याचा तुकडा मात्र कोणी हौसेने हातात ठेवला, तरी सोबत आणू नये. प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण असून असा तुकडा आणणे गुन्हा ठरतो.