खिशात मावेल आणि हातातही बसेल असं पेन

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. रोज सात-आठ ठिकाणी जाऊन लॉगबुकात नोंद करायची आणि सही करायची, तीही बहुतेक वेळा उभ्यानं, वही भिंतीला टेकवून. नेहमीचं पेन शर्टाच्या खिशात ठेवतो, पण वाकलं की पडतं. दोनदा तर मजला आणि लिफ्टमधल्या फटीतून थेट खाली खड्ड्यात गेलं. आता पँटच्या खिशात राहील असं आखूड पेन घ्यायचंय. एक मित्र म्हणतो बुलेट स्पेस पेन हे छोटं बॉलपेन घे, दुसरा म्हणतो कावेको स्पोर्ट हे छोटं शाईपेन घे. हातमोजे आणि ग्रीस तर रोजचंच. काय घेऊ?

उत्तर : तुमच्या पत्रानं मला माझी वॉर्डातली ३१ वर्षं आठवली. पेशंटची उशी सारखी करायला वाकलं की माझं पेन सुटून खाटेवर पडायचं, आणि लांब पेन असेल तर त्याचं टोक हनुवटीला टोचायचं. त्यामुळे आखूड पेन कशाला हवं ते मला समजावून सांगायला नको. तुमच्याकडे मात्र पेन हरवण्यापेक्षा मोठी काळजी आहे. खाली कुणी काम करत असेल तर वरून पडलेलं धातूचं पेन त्याच्या डोक्यात बसू शकतं. तेव्हा पेन कुठलंही घ्या, वरच्या उघड्या खिशात ते ठेवायचं नाही, एवढं आजच ठरवून टाका.

शाईपेनाचं आधी उरकते. कावेको स्पोर्ट माझ्याकडे आहे आणि माझं अतिशय लाडकं आहे. बंद असताना साडेदहा सेंटिमीटर, टोपण मागे लावलं की तेरा. रात्री टेबलाशी बसून चार ओळी लिहायला त्याच्यासारखं सुख नाही. पण त्याचं टोपण आट्यांचं आहे, हातमोजे घालून ते दिवसातून सात-आठ वेळा फिरवणं तुम्हाला जमणार नाही. दिवसभर जिने चढताना-उतरताना हिसके बसून शाई टोपणात उडते. नोंदीखाली कार्बन असेल तर निबवर तेवढा जोर देता येत नाही. कामासाठी ते नको. घरासाठी जरूर घ्या.

आता बॉलपेन. वही भिंतीला टेकवून लिहिताना अक्षर हळूहळू फिकं होत जातं, मग आपण पेन झटकतो, वहीच्या कोपऱ्यात गोल गोल गिरवतो. पेनात बिघाड आहे असं आपल्याला वाटतं, पण कारण साधं आहे. टोकाची गोळी फिरते तसतशी तिला मागून शाई लागत राहते आणि ही शाई स्वतःच्या वजनानं खाली उतरत असते. टोक वर झालं की उतार उलटा होतो. शाई मागे सरते, गोळीशी हवा शिरते आणि चार शब्दांनंतर नुसती रेघ ओढल्याचा वळ उमटतो. भिंतीवरच्या तक्त्यात रात्रीच्या नोंदी भरताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की शेवटी मी तक्ता काढून मांडीवर घ्यायला लागले. तुम्हाला दर वेळी ते शक्य नाही.

इथे तुमच्या पहिल्या मित्राचं म्हणणं मला पटतं. स्पेस पेनाच्या रिफिलीत शाईच्या मागे नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो, तो शाईला पुढे ढकलतो. मग टोक वर असो की आडवं, काही बिघडत नाही. शाईही वेगळी. एरवी घट्ट राहते आणि गोळी फिरली की तेवढ्यापुरती पातळ होते, म्हणून दाब असूनही ती गळत नाही. थोडंफार ग्रीस लागलेल्या कागदावर साधं पेन घसरतं, हे तिथेही उमटतं. १९६८ साली अपोलो-७च्या अंतराळवीरांनी ही रिफील अवकाशात नेली. बुलेटचा आकार मात्र त्याहून जुना, हे पेन काढणाऱ्या पॉल फिशर यांनी तो १९४८ मध्येच आणला होता. बंद असताना ते साधारण साडेनऊ सेंटिमीटर भरतं आणि टोपण मागे लावलं की साडेतेरा, म्हणजे जवळजवळ नेहमीच्या पेनाएवढं. टोपण नुसतं ओढून निघतं, आटे नाहीत. हातमोज्यांसकट जमेल.

दोन उणिवा सांगायलाच हव्यात. बऱ्याच बुलेटना क्लिप नसते. ती वेगळी मिळते, ती लावूनच घ्या आणि पेन पँटच्या खिशात आतल्या शिवणीला अडकवा. दुसरं म्हणजे चकचकीत बुलेट ग्रीसच्या बोटांतून माशासारखं सटकतं. खरखरीत, काळ्या पृष्ठभागाचं निवडा.

पण थांबा, पैसे घालण्याआधी घरी एक प्रयोग करा. झिजून आखूड झालेली शिसपेन्सिल घ्या, एखादी साडेनऊ सेंटिमीटरची असेल तर उत्तमच. तिनं उभ्यानं, वही भिंतीला टेकवून, तुमची नेहमीची नोंद दहा वेळा लिहा. मग तेरा सेंटिमीटरच्या पेन्सिलीनं पुन्हा तेच करा. पेनाचं मागचं टोक अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचकीत टेकतंय का, तिकडे लक्ष ठेवा. टेकत असेल तर हात निवांत चालतो. टेकत नसेल तर बोटं पेन नुसतं धरून ठेवण्यातच दमतात, आणि पाचव्या-सहाव्या नोंदीपासून अक्षर बारीक आणि तिरकं व्हायला लागतं. माझा पंजा लहान आहे, मला साडेअकरा पुरतात. माझ्याबरोबर एक वॉर्डबॉय होता, त्याच्या हाताला तेराही कमी पडायचे. जाडीचं तसंच. पेन्सिलीवर कागदाची पट्टी गुंडाळत जा आणि हाताला कुठे बरं वाटतं ते बघा. कार्बनची प्रत काढायची असेल तर बारीक पेन फार लवकर बोटांना रुततं. या प्रयोगातून निघेल ते तुमच्या हाताचं माप. दुसऱ्या कुणाचा सल्ला, माझासुद्धा, त्यानंतर.

बुलेटऐवजी इतर छोटी पेनं बघणार असाल तर आधी पेन उघडून रिफील बाहेर काढा. बऱ्याच आखूड पेनांत डी-१ नावाची सुईसारखी रिफील असते. ६७ मिलिमीटर लांब आणि जेमतेम २.३५ मिलिमीटर जाड. हे माप ठरलेलं असल्यामुळे एका कंपनीच्या पेनात दुसरीची रिफील बसते, हा तिचा फायदा. पण तिच्यात शाई मावणार ती किती? आठवड्यातून दोन सह्या करणाऱ्याला चालेल. तुमच्यासारख्याला ती सतत बदलावी लागेल, आणि साध्या डी-१मध्ये वायूचा दाबही नसतो, म्हणजे भिंतीवर पुन्हा तेच रडगाणं. ताणून लांब होणारी, दुर्बिणीसारखी पेनं खिशाला सोयीची असतात, पण ग्रीस आणि धूळ त्या सांध्यात शिरली की ती अडकतात. तुमच्या कामात नकोत.

आणि बटणाचं पेन पँटच्या खिशात नको म्हणजे नको. एका रात्रपाळीला माझं बटणाचं पेन एप्रनच्या बाजूच्या खिशात कात्रीशेजारी होतं. कात्रीच्या दांड्यानं बटण दाबलं गेलं, टोक बाहेर आलं आणि कापडाला टेकून राहिलं. दोन तासांनी पाहिलं तर मांडीवर तळहाताएवढा निळा डाग, कडेला जांभळट. डागाखाली जुना कपडा घालून वरून स्पिरिटच्या बोळ्यानं टिपत बसले, तेव्हा कुठे तो अर्धा खालच्या कपड्यात उतरला. चोळू नका, टिपा. चोळलं की तो पसरतो. तेव्हापासून माझ्या खिशात टोपणाचंच पेन.

रिफील मध्यम जाडीची, काळी घ्या. फार बारीक टोक खरखरीत कागदावर खरवडतं.

प्रश्न : पर्समध्ये मी एक छोटं टोपणाचं बॉलपेन ठेवते. टोपणाच्या टोकाला भोक आहे. त्यातून हवा जाऊन शाई वाळत असेल ना? चिकटपट्टी लावून बुजवू का? घरात सव्वा वर्षाची नात आहे, ती पर्स उचकते, म्हणून पेन वाया गेलं तरी फार महागाचं नको, एवढंच.

उत्तर : काकू, बुजवू नका. ते भोक तुमच्या नातीसारख्या लेकरांसाठीच आहे. टोपण गिळलं जाऊन श्वासनलिकेत अडकलं, तर त्या भोकातून थोडी तरी हवा जात राहावी आणि दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ मिळावा, म्हणून ते ठेवतात. बिक या पेन कंपनीनं आपल्या टोपणांना १९९१ पासून असं भोक पाडलं, आणि टोपणांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ११५४० हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती त्या भोकानं वाळत नाही. काही पेनांच्या मधल्या नळीलाही बारीक भोक असतं, ते निराळं. ते आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून.

भोक आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. पर्स उंचावर ठेवा. नात मोठी होईपर्यंत, ज्याचं टोपण निघतच नाही असं पिळून टोक बाहेर येणारं पेन वापरलंत तर मला जास्त बरं वाटेल.

प्रश्न : वहीत भेटींच्या तारखा आणि रीडिंग छोट्या, खोडता येणाऱ्या जेल पेनानं लिहिली होती. वही उन्हात गाडीत राहिली आणि सगळी पानं कोरी! शाई गेली कुठे?

उत्तर : शाई कागदावरच आहे, रंग तेवढा गेलाय. ही शाई खोडताना जे घासतो ना, त्या घर्षणाच्या उष्णतेनं तिचा रंग उडतो, साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. उन्हात बंद गाडीत काचेखालची वही तेवढी सहज तापते. वही प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १० ते उणे २० अंशांच्या दरम्यान रंग परत येतो. सकाळी बाहेर काढल्यावर साध्या बॉलपेननं लगेच दुसऱ्या वहीत उतरवून घ्या. एक सांभाळा, तुम्ही आधी मुद्दाम खोडलेले आकडेही त्याच जागी परत उमटतील, नव्यांच्या खाली. रीडिंगचा प्रत्येक आकडा उतरवताना कुठला नवा आणि कुठला खोडलेला, ते उजेडात धरून बघा.