जुनी एफआय गाडी: आधी पाना खाली ठेव
२००८ ची यामाहा आर-१५ घेतलीस, झकास! पण ही एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची गाडी, कार्ब्युरेटरची सवय विसर. थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा) स्क्रू अजिबात हलवू नकोस. मी हलवला होता. महिनाभर आयडलिंग नाचत होतं.

आधी बॅटरी बघ. गाडी बंद असताना साधारण १२.५ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना १० च्या खाली गेले, की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गोंधळतो आणि पेट्रोल फवारणाऱ्या बिचाऱ्या इंजेक्टरला शिव्या बसतात. किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) 'रन'वर ठेवून चावी फिरव, टाकीला कान लाव. दोन-तीन सेकंद घूंऽऽ आलं, म्हणजे पेट्रोल पंपाला करंट मिळतोय. मग प्लग, एअर फिल्टर, इनटेकच्या रबराच्या भेगा.

थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) पुसताना क्लीनर फडक्यावर मार, सेन्सरवर नको. आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असशील तर टाकी भरून ठेव. रिकामी टाकी आतून गंजते.