अमेरिकेत 'रिबिल्ट टायटल'ची जुनी गाडी घेणं परवडतं का?

परवडतं, पण रोख पैसे असतील आणि गाडी मोडेपर्यंत स्वतःच वापरायची असेल तरच.

टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद. इन्शुरन्स कंपनीने 'टोटल लॉस' (म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही) ठरवलेल्या गाडीला सॅल्व्हेज टायटल मिळतं. दुरुस्ती आणि राज्याची तपासणी झाली की तेच रिबिल्ट होतं. मात्र बऱ्याच राज्यांत ही तपासणी मुख्यतः चोरीचे पार्ट वापरलेत का एवढंच बघते. गाडी सुरक्षित आहे याची हमी त्यात नसते. किंमत साधारण 20 ते 40 टक्के कमी असते खरी, पण विकताना तुम्हालाही तीच घट सोसावी लागते. शिवाय अनेक बँका कर्ज देत नाहीत आणि फुल कव्हरेज (आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारा इन्शुरन्स) मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून आधी इन्शुरन्सचा कोट घ्या, मग गाडी बघायला जा.

गारपिटीने पत्रा चेपलेली गाडी असेल तर मी खुशाल घेईन. पुरात बुडालेली फुकट दिली तरी नको, वायरिंग आतून गंजत राहतं. कार्पेट उचलून वास घ्या, सीटच्या रुळांवर गंज बघा. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर काहीतरी लपवलंय. दुरुस्तीआधीचे फोटो विक्रेत्याकडे मागा. टाळाटाळ करत असेल तर सरळ निघा.