वाचकांचे प्रश्न : जड क्वार्क किती निर्माण होतील, हे आधी कसे सांगतात?

टॉप क्वार्कविषयीच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच शंकेभोवती फिरतात : कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रांत चार्म, बॉटम आणि टॉप हे जड क्वार्क किती निर्माण होतील हे सिद्धान्तावरून आधी सांगितले जाते, ते नेमके कसे आणि त्यावर कितपत विसंबावे? त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन क्वार्क असतात, असे आम्हांला शिकवतात. मग दोन प्रोटॉनांच्या टकरीतून त्यांच्यापेक्षा कितीतरी जड असा टॉप क्वार्क कसा बाहेर पडतो, आणि असे किती बाहेर पडतील हे गणिताने कसे कळते? (पदवी वर्गातील विद्यार्थिनी)

उत्तर : टॉप क्वार्क प्रोटॉनमध्ये दडलेला नसतो, टकरीच्या ऊर्जेतून तो नव्याने जन्मतो आणि प्रतिक्वार्कासह बहुधा जोडीनेच जन्मतो. त्याचे वस्तुमान सुमारे १७२.५ जीईव्ही (कणांचे वस्तुमान आणि ऊर्जा मोजण्याचे एकक), म्हणजे प्रोटॉनच्या जवळजवळ १८४ पट आहे. ही ऊर्जा पुरवतात प्रोटॉनमधील क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. ‘दोन अप, एक डाउन’ हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे, कारण वेगाने धावणाऱ्या प्रोटॉनच्या संवेगाचा जवळजवळ निम्मा वाटा ग्लुऑनांकडे असतो. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये टॉपच्या बहुतेक जोड्या दोन ग्लुऑनांच्या टकरीतून येतात. अमेरिकेतील फर्मिलॅब प्रयोगशाळेच्या टेव्हाट्रॉन यंत्रात प्रोटॉनवर प्रतिप्रोटॉन आदळत असत आणि ऊर्जाही कमी होती, त्यामुळे तेथे क्वार्क व प्रतिक्वार्क यांच्या टकरीचा वाटा मोठा होता.

गणिताचे दोन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे प्रोटॉनच्या संवेगाचा अमुक एक हिस्सा घेऊन धावणारे ग्लुऑन किंवा क्वार्क किती आहेत, याची वितरणे. ती निव्वळ सिद्धान्तातून अजून पुरेशा अचूकतेने काढता येत नाहीत. प्रयोगांतून, विशेषतः हॅम्बुर्गच्या हेरा यंत्रातील इलेक्ट्रॉन-प्रोटॉन टकरींच्या नोंदींतून, ती ठरवली जातात. दुसरा भाग म्हणजे दोन ग्लुऑन आदळून क्वार्कांची जोडी निर्माण होण्याची प्रत्यक्ष क्रिया, आणि ती मात्र क्वांटम क्रोमोडायनॅमिक्सच्या, म्हणजे क्वार्कांना बांधणाऱ्या तीव्र बलाच्या सिद्धान्ताच्या, नियमांनी मोजता येते. जडपणाचे महत्त्व येथेच आहे. डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पोलिट्झर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की ऊर्जा वाढत जाते तसतसे तीव्र बल दुबळे होत जाते. बल किती जोरदार हे दाखवणारा अंक जितका लहान तितका हिशेब भरवशाचा; तो टॉपच्या वस्तुमानाशी सुमारे ०.११, बॉटमच्या वस्तुमानाशी सुमारे ०.२२, तर चार्मच्या पातळीवर ०.३५ ते ०.४ च्या घरात असतो. अप आणि डाउन इतके हलके आहेत की त्यांच्या वस्तुमानाच्या आधाराने असा हिशेब मांडताच येत नाही. ज्याचे स्वतःचे वस्तुमानच हिशेब शक्य करून देते तो क्वार्क जड, अशी व्याख्या मला सर्वांत उपयुक्त वाटते.

उत्तर येते ते ‘क्रॉस-सेक्शन’च्या रूपाने, म्हणजे एखादी घटना घडण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या एककात मांडून. १३ टीईव्ही (म्हणजे १३,००० जीईव्ही) ऊर्जेच्या प्रोटॉन टकरींत टॉपच्या जोडीसाठी ते सुमारे ८३२ पिकोबार्न निघते. २०१५ ते २०१८ या काळात लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील अॅटलस आणि सीएमएस या प्रयोगांनी प्रत्येकी जमवलेल्या टकरींच्या साठ्याशी ते गुणले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अकरा-बारा कोटी जोड्या येतात. याच कणाचा शोध १९९५ मध्ये टेव्हाट्रॉनवर जाहीर झाला तेव्हा हाताशी अवघ्या काही डझन घटना होत्या.

प्रश्न : मापनात त्रुटी असते हे समजते. पण सिद्धान्ताच्या आकड्यापुढेही ‘अधिक-उणे’ लिहिलेले असते. समीकरण सोडवून आलेल्या उत्तरात अनिश्चितता कोठून आली? (एक अभियंता)

उत्तर : समीकरण पूर्ण सोडवलेले नसते, म्हणून. उत्तर एका श्रेणीच्या रूपात मांडलेले असते : पहिले पद, मग तीव्र बलाच्या अंकाने गुणलेली दुरुस्ती, मग त्या अंकाच्या वर्गाने गुणलेली आणखी एक. प्रत्येक पुढचे पद काढण्याचे कष्ट भयंकर वाढतात, कारण आभासी कणांची वलये आणि वाटेत बाहेर फेकले जाणारे जादा ग्लुऑन हे दोन्ही हिशेब वेगवेगळे केले तर अनंत उत्तरे देतात. दोन्ही नेमके एकत्र मांडले तरच ते अनंत परस्परांना छेदून जातात. जड क्वार्कांच्या निर्मितीतील पहिली दुरुस्ती पाओलो नासॉन, सॅली डॉसन आणि कीथ एलिस यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. टॉपच्या जोडीसाठी दुसरी दुरुस्ती पूर्ण व्हायला २०१३ उजाडले. ते काम मिखाल चाकोन, पॉल फीडलर आणि अलेक्झांडर मिटोव्ह यांचे. मधली पंचवीस वर्षे कोणी स्वस्थ बसले नव्हते!

श्रेणी मध्येच तोडली की तिच्यात एक कृत्रिम ऊर्जा-मोजपट्टी शिल्लक राहते, तिला ‘स्केल’ म्हणतात. संपूर्ण श्रेणीचे उत्तर या स्केलवर अवलंबून नसते. तोडलेल्या श्रेणीचे असते. म्हणून प्रघात असा पडला आहे, की स्केल क्वार्कच्या वस्तुमानाइतके धरून मधले उत्तर काढायचे, मग ते अर्धे आणि दुप्पट करून उत्तर किती हलते ते पाहायचे, आणि त्या हलण्याला अनिश्चितता म्हणायचे. त्यात प्रोटॉनमधील वितरणांची आणि बलाच्या अंकाची अनिश्चितता वेगळी मिळवली जाते. टॉपच्या ८३२ पिकोबार्नांभोवतीचा एकूण पट्टा अशा रीतीने सुमारे पाच टक्क्यांचा ठरतो.

आपण अभियंता आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. हा स्केलचा पट्टा म्हणजे शेकडो मापने घेऊन काढलेले प्रमाण विचलन नव्हे. अर्धे आणि दुप्पट हे आकडे निसर्गाने दिलेले नाहीत, ते संकेताने ठरले आहेत. टॉपच्या बाबतीत पहिल्या दुरुस्तीने उत्तर ढोबळमानाने दीडपट झाले आणि दुसरीने त्यात दहा टक्क्यांच्या आसपास भर घातली, म्हणजे श्रेणी स्थिरावत आहे. पण केवळ पहिल्या पदावर काढलेला पट्टा पुष्कळदा पुढच्या उत्तराला सामावून घेत नाही, आणि तरीही तो आलेखावर तितक्याच आत्मविश्वासाने काढलेला असतो. भाकीत वाचताना आधी ते कितव्या पदापर्यंतचे आहे हे पाहावे.

प्रश्न : पूर्वी वाचले होते की टेव्हाट्रॉनवर बॉटम क्वार्क भाकितापेक्षा दोन-तीन पट अधिक सापडले आणि ते नव्या भौतिकीचे लक्षण असू शकते. पुढे त्याविषयी काहीच ऐकू आले नाही. ते प्रकरण काय होते? (निवृत्त शिक्षक)

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे, आणि या विषयातले हे सर्वांत बोधक प्रकरण आहे. १९९० च्या दशकात टेव्हाट्रॉनवरील मापने पहिल्या दुरुस्तीपर्यंतच्या भाकिताच्या वर राहत होती. बी-मेसॉनांच्या (बॉटम असलेल्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांच्या) एका मापनात सीडीएफ प्रयोगाने मापन आणि भाकीत यांचे गुणोत्तर २.९ असे दिले होते. एवढी तफावत पाहून काहींनी अतिसममिती या अद्याप सिद्ध न झालेल्या सिद्धान्तातील हलक्या ग्लुइनोंसारख्या कणांकडे बोट दाखवले, आणि तसे करणे अवाजवी नव्हते, कारण ज्या सिद्धान्ताने टॉपची संख्या बऱ्यापैकी बरोबर सांगितली होती तोच बॉटमपाशी एवढा का चुकावा याचे सरळ उत्तर कोणापाशी नव्हते.

अडचणीचे मूळ असे, की बॉटम क्वार्क कोणालाच दिसत नाही. दिसतो तो बी-मेसॉन, किंवा त्याच्या क्षयातून निघालेला म्युऑन अथवा जे-साय कण. क्वार्कचा मेसॉन होताना त्याच्या संवेगातील काही भाग इतर कणांना जातो. या क्रियेला विखंडन म्हणतात आणि ती गणिताने पूर्णपणे काढता येत नाही. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांतील नोंदींवरून तिचे सूत्र बसवायचे आणि तेच प्रोटॉनांच्या टकरींना लावायचे, ही रीत. वापरात होते ते १९८३ चे पीटरसन सूत्र, आणि त्यातील अचल असा होता की मेसॉनला गरजेपेक्षा कमी संवेग मिळत होता.

एवढ्याशा गोष्टीने तिप्पट फरक कसा पडेल, असे वाटणे साहजिक आहे. आडव्या दिशेचा संवेग वाढत जातो तसे बॉटम क्वार्क फार झपाट्याने विरळ होत जातात. समजा, त्यांची संख्या संवेगाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरते. प्रत्येक मेसॉन आपल्या क्वार्कच्या संवेगाचा ठरावीक हिस्सा घेतो असे धरले, तर एखाद्या संवेगाला सापडणाऱ्या मेसॉनांची संख्या त्या हिश्शाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते. हिस्सा ०.७ धरला तर गुणक ०.२४ येतो, ०.८ धरला तर ०.४१. हिश्शात एक दशांशाचा बदल, आणि भाकीत एकदम १.७ पट! म्हणजे या हिश्शाची केवळ सरासरी जुळवून भागत नाही, त्याच्या वरच्या घातांच्या सरासऱ्याही जुळाव्या लागतात. आणि नेमक्या त्याच गोष्टीकडे दुर्लक्ष झाले होते.

दुसरा दोष हिशेबातलाच होता. क्वार्कचा आडवा संवेग त्याच्या वस्तुमानाच्या कितीतरी पट झाला की श्रेणीच्या प्रत्येक पदात त्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम डोकावतो, आणि दुरुस्त्या लहान राहत नाहीत. मात्तेओ काच्चारी, मारिओ ग्रेको आणि नासॉन यांनी १९९८ मध्ये हे लॉगॅरिदम सर्व पदांतून गोळा करून, कमी संवेगाला वस्तुमानाचा परिणामही शाबूत ठेवणारी पद्धत मांडली. ती ‘फोनल’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. २००२ मध्ये काच्चारी आणि नासॉन यांनी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन नोंदींवरून विखंडन याच पद्धतीशी सुसंगत रीतीने बसवले, तेव्हा २.९ चे गुणोत्तर १.७ वर आले, आणि दोन्ही बाजूंच्या अनिश्चितता पाहता ती तफावत उरली असे म्हणण्यात अर्थ राहिला नाही. त्यानंतर सीडीएफने जे-सायच्या मार्गाने बॉटमचे मापन अगदी शून्य आडव्या संवेगापर्यंत नेले. २००४ मध्ये ते नव्या भाकिताशी ताडून पाहिले, तेव्हा दोन्ही जुळले.

प्रयोगाच्या बाजूने एक सवय तेव्हापासून बदलली, आणि माझ्या मते तेच या प्रकरणाचे खरे फलित आहे. पूर्वी मेसॉन मोजून, विखंडन उलटे लावून, ‘क्वार्कचे मापन’ म्हणून आकडे छापले जात; म्हणजे सिद्धान्ताचे एक गृहीतक मापनाच्या पोटात शिरत असे आणि मग बाहेर काढता येत नसे. आता प्रयोगकर्त्यांनी जे दिसले तेच छापावे आणि मेसॉनपर्यंतचे अंतर सिद्धान्तानेच चालून यावे, असा दंडक बहुतांशी पाळला जातो.

प्रश्न : हीच अडचण टॉप आणि चार्म यांना येत नाही का? (याच शिक्षकांच्या पत्रातील पुढचा प्रश्न)

उत्तर : टॉपला नाही. त्याचे आयुष्य सुमारे ५ × १०<sup>-२५</sup> सेकंद असते, आणि मेसॉन बनण्याइतकी सवड मिळण्याआधीच तो बॉटम आणि डब्ल्यू बोसॉन यांत मोडतो. भाकिते टॉपच्या बाबतीत इतकी नेटकी असण्यात त्याच्या जडपणाइतकाच या घाईचाही वाटा आहे.

चार्मची गोष्ट उलट आहे. त्याचे वस्तुमान १.३ जीईव्हीच्या आसपास, म्हणजे प्रोटॉनहून थोडेसेच अधिक. बलाचा अंक मोठा, श्रेणी हळूहळू स्थिरावणारी, आणि स्केल अर्धे-दुप्पट केले की भाकीत दुपटीहून अधिक हलते. मापन येथे भाकिताच्या पुष्कळ पुढे आहे, म्हणून गंगा उलटी वाहवली जाते : लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरील एलएचसीबी प्रयोगाने प्रोटॉनांच्या दिशेजवळ टिपलेल्या चार्म मेसॉनांवरून, अत्यल्प संवेग वाहणाऱ्या ग्लुऑनांचे वितरण ठरवायला मदत होते. दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूबसारख्या न्यूट्रिनो प्रयोगांनाही चार्मच्या भाकितांची गरज पडते, कारण वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणारा चार्म क्षय पावून जे न्यूट्रिनो देतो, ते दूरच्या खगोलीय न्यूट्रिनोंत मिसळतात.

विखंडनाचा प्रश्न चार्मपाशी अजून मिटलेला नाही. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींत चार्म क्वार्कांपैकी जवळपास सहा टक्के लॅम्डा-सी या बॅरिऑनमध्ये (तीन क्वार्कांच्या कणामध्ये) रूपांतरित होतात, आणि हेच प्रमाण सर्वत्र लागू पडेल असे गृहीत धरले जात असे. ॲलिस प्रयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार प्रोटॉनांच्या टकरींत ते वीस टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे केवळ डी-मेसॉन (चार्म असलेले मेसॉन) मोजून काढलेला चार्मचा एकूण आकडाही साधारण चाळीस टक्क्यांनी वाढवावा लागला.